परसातले रंग

बालरोगतज्ज्ञाच्या वाट्याला रंग येतात ते कावीळ, नीलिमा आणि पांडुरता यांचे. पंचवीस वर्षे अर्भकांच्या त्वचेचे रंग न्याहाळल्यावर त्याच डोळ्यांनी कापडाचा रंग पाहावासा वाटला, यात नवल ते काय? वासोण्यातील आमच्या परसात झेंडू, डाळिंब, पारिजातक आणि मेंदी आहेत. सिल्वासाभोवती पॉलिएस्टर धाग्याचे कारखाने असताना डॉक्टरांनी मांजरपाटासाठी पातेले चढवावे, याचे शेजाऱ्यांना हसू येते. असो.

लोकर प्रथिनांची, कापूस सेल्युलोजचा. लोकर रंगाला चटकन जवळ करते, कापूस मानी. १०० ग्रॅम लोकरीला साधारण १५ ग्रॅम तुरटी पुरते. तुरटीच्या पाण्यात तासभर मंद आचेवर ठेवून ती झेंडूच्या काढ्यात घातली, की सोनेरी पिवळा रंग उतरतो. कापूस मात्र आधी हिरड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवावा लागतो. हिरड्यातील टॅनिन धाग्याला धरते आणि तुरटी टॅनिनला. माझी पहिली लड मी उकळत्या पाण्यातून काढून थेट थंड पाण्यात बुडवली. ती आटून नमद्यासारखी घट्ट झाली आणि सध्या चहाच्या किटलीखाली विराजमान आहे. पारिजातकाच्या देठांचा केशरी रंग मोहक, पण उन्हात विटतो. हळदीचेही तेच; शिवाय साबण लागताच ती लाल होते, हे गृहिणींना सांगणे नको.

झेंडूच्या रंगात चिमूटभर हिराकस पडले की तो शेवाळी होतो. या हिरवट खड्यांनीच गेल्या दिवाळीत माझी झोप उडवली. वाटी मी ओट्याखाली उघडी ठेवून फोन घ्यायला गेलो. परतलो तो अडीच वर्षांची नात खडीसाखर समजून मूठ तोंडाशी नेत होती. पत्नीने हात धरला म्हणून निभावले. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, गर्भवतींना आपण गोळ्यांतून देतो तेच. त्यात लोह सुमारे एक पंचमांश. किलोमागे ६० मिलिग्रॅम लोह गंभीर विषबाधेला पुरते. १२ किलोच्या बालकासाठी हे गणित साडेतीन-चार ग्रॅम हिराकसावर येते. चहाचा चमचाही भरत नाही! इतरांच्या आईबापांना औषधे उंचावर ठेवा म्हणून बजावणारा मी, त्या रात्री हे गणित वहीवर पुनःपुन्हा मांडत बसलो.

कृत्रिम रंगही निर्दोष नव्हेतच. १८८६ साली रेनर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नवजात बालकांच्या नीलिमेची नोंद केली. कारण निघाले लंगोटांवरील शिक्क्याची अ‍ॅनिलिनयुक्त शाई. पण परसातली मेंदी तरी कुठे निष्पाप? जी-सिक्स-पी-डी न्यूनता असलेल्या अर्भकाला ती लावल्यास तिच्यातील लॉसोनमुळे रक्तपेशी फुटतात, आणि आपल्या भागातील आदिवासी बांधवांत ही न्यूनता आढळते. सिकलसेलची चौकशी आपण आवर्जून करतो. पिवळ्या पडलेल्या बाळाच्या तळव्यांकडेही पाहावे, आणि मेंदी कधी लावली ते आजीला विचारावे.

नातीच्या धाकट्या भावाच्या बारशाला घरच्या मंडळींनी मेंदीचा हट्ट धरला, तो मी मोडला. थोडी नाराजी झाली. त्याऐवजी डाळिंबाच्या सालीत, केवळ तुरटी वापरून, एक झबले रंगवले आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतले. रंग जरा डागाळलाच. हिराकस आता दवाखान्यातल्या कपाटात आहे, आणि किल्ली पत्नीकडे.