तळ्याकडून पंपाकडे

ढाका : गडचिरोलीतल्या मुलचेरा-चामोर्शीच्या बंगाली वस्त्यांतले आजे-पणजे निर्वासित होऊन निघाले, तेव्हा ते इथल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, तळ्याचं पाणी पीत होते. हातपंपांचा सुकाळ झाला तो पुढे, सत्तरच्या दशकात. तळ्याच्या पाण्याने पोरं कॉलरा-हगवणीत दगावत, म्हणून सरकारने युनिसेफच्या मदतीने गावोगाव बोरिंग मारली. आपल्याकडे दगड फोडायला रिगची गाडी लागते. इथे गाळाच्या जमिनीत चार माणसं, बांबूची मचाण, लोखंडी पाइप आणि पाइपाच्या तोंडावर उघडझाप करणारा एकाचा तळहात एवढ्यावर काम भागतं. खर्च कमी, त्यामुळे लोकांनीही पदरमोड करून अंगणाअंगणात पंप बसवले.

१९९३ साली चापाई नवाबगंजमध्ये त्या पाण्यात आर्सेनिक सापडलं. हे पाप कारखान्यांचं नाही. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात ते लोहाच्या कणांना चिकटून असतं. खाली प्राणवायू नसतो; कुजलेल्या पाचोळ्यावर जगणारे जंतू लोह विरघळवतात आणि आर्सेनिक पाण्यात सुटतं. त्याला ना रंग, ना वास, ना चव. उकळावं तर पाणी आटतं, विष तेवढंच उरतं.

ढाक्याजवळच्या आराईहाजारमध्ये एका शेतकऱ्याने हात उघडून दाखवले. तळव्यांवर कडक, खरखरीत गाठी. कोयता धरला की दुखतं म्हणाला. छातीवर काळे-पांढरे ठिपके. हे उमटायलाच कित्येक वर्षं जातात. त्यापुढे त्वचेचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कर्करोग आणि हृदयविकार. याच भागात २००० साली सुमारे १२ हजार माणसांची पाहणी सुरू झाली. तिथल्या दर पाच मृत्यूंतल्या साधारण एकाचा संबंध आर्सेनिकशी लागतो, असा निष्कर्ष २०१० मध्ये निघाला. रोग लागट नाही, तरी डाग दिसले की मुलीचं लग्न अडतं.

या शतकाच्या सुरुवातीला सरकारने जवळपास ५० लाख पंप तपासले. लिटरला ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निघालं तर तोटीला लाल रंग, नाहीतर हिरवा. जागतिक आरोग्य संघटना १० च्या वर जाऊ नका म्हणते, म्हणजे इथला हिरवाही तसा उदारच. तरी सुमारे १४ लाख पंप लाल ठरले. रंग दिला, पण पाणी कुठून आणायचं हा प्रश्न उरलाच. पुढे रंग उडाला, कित्येक नवे पंप बिनतपासणीचेच राहिले. दीडशे मीटरखालचं पाणी बहुतेक ठिकाणी चांगलं लागतं. पण सरकारी खोल बोरिंग पुढाऱ्याच्या माणसांच्या दारात जातात, असं ह्यूमन राइट्स वॉचने २०१६ मध्ये लिहिलं. यात आपल्याला नवल वाटण्यासारखं काही नाही.

हे सगळं गंगेच्या गाळाचं दुखणं समजून सोडून देऊ नये. आपल्या कोरचीच्या पलीकडे, छत्तीसगडच्या जुन्या राजनांदगाव जिल्ह्यातल्या कौडीकसा गावच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचं जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्तींनी १९९९ मध्येच मांडलं होतं. तिथे ते गाळातून नाही, खडकातून येतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कित्येक गावांना फ्लोराइड नवं नाही. पिवळे-तपकिरी दात पाहिले की पाण्याचा संशय येतो. पण फ्लोराइडची तपासणी झाली म्हणजे आर्सेनिकची झाली, असं होत नाही. आर्सेनिकची चाचणी वेगळी, ती वेगळी मागावी लागते.