अलार्म कोणाचं ऐकतो?

होस्टेलच्या पार्किंगमध्ये रात्री दीड वाजता एखाद्या सरांची गाडी कोकलायला लागली की आपण खिडकीतून काय काय बोलतो ते इथं छापता येणार नाही. पण न वाजणारा अलार्म वाजणाऱ्यापेक्षा जास्त त्रास देतो, हे मला मागच्या दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर कळलं.

गाव म्हणजे राणीसावरगाव, तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी. आमच्या काकांकडे एक सेकंडहँड गाडी आहे. गाडीला कंपनीचं रिमोट होतं. बटण दाबलं की चारही दारं लॉक व्हायची, इंडिकेटर एकदा लुकलुकायचे. पण अलार्म नव्हता. कंपनीचं रिमोट आहे म्हणजे अलार्म असणारच असं आपल्याला वाटतं, ते खरं नाही. सेंट्रल लॉकिंग वेगळं आणि अलार्म वेगळा. म्हणून काकांनी बाहेरून अलार्म बसवून घेतला, आणि अट घातली, "मला दुसरं रिमोट नको. एवढ्याच रिमोटवर चाललं पाहिजे." दुकानदार म्हणाला, चालेल. चाललंही.

सोयाबीन विकून काका गंगाखेडहून रात्री उशिरा आले. पट्टीचे उरलेले चौदा हजार डॅशबोर्डच्या खणात ठेवून, गाडी लॉक करून झोपले. सकाळी दार नुसतं लोटलेलं, काच शाबूत, पैसे गायब. अलार्म रात्रभर गप्प. मग गावात जे बोललं जातं ते सुरू झालं. अलार्म वाजला नाही म्हणजे रिमोटनंच उघडली, आणि दुसरं रिमोट तर ओसरीत खिळ्याला टांगलेलं. ते कुठं असतं हे घरच्यांशिवाय कोणाला माहीत? आमच्या सालगड्याच्या पोराला. दर रविवारी गाडी तोच धुतो. कोणी तोंडावर काही म्हटलं नाही, पण सालगडी दोन दिवस कामावर आला नाही. पोरगं दहावीला आहे.

आता इंजिनिअरिंगकडे वळू. कंपनीच्या रिमोटवर बाहेरचा अलार्म चालवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? पहिला विचार सगळ्यांच्या डोक्यात येतो तोच: टीव्हीचं युनिव्हर्सल रिमोट शिकवतात तसं अलार्मलाच हे रिमोट शिकवायचं. बरेच रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात, अलार्मचा रिसिव्हरही बहुधा तिथंच ऐकतो. मग अडचण कुठं?

अडचण रोलिंग कोडची आहे. उदाहरणादाखल कीलॉक ही पद्धत घ्या. दक्षिण आफ्रिकेत १९८० च्या दशकात ती तयार झाली आणि १९९५ मध्ये अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीनं विकत घेतली. यात बटण दाबलं की रिमोट ६६ बिट पाठवतं. त्यातले २८ बिट रिमोटचा नंबर आणि ४ बिट कुठलं बटण ते, हे उघडे असतात. पण ३२ बिट कुलूपबंद असतात आणि प्रत्येक वेळी बदलतात. त्यांच्या आत १६ बिटांचा काउंटर असतो, जो दर दाबाला एकानं पुढं सरकतो, आणि ते सगळं ६४ बिटांच्या गुप्त किल्लीनं गुंडाळलेलं असतं. मेसच्या कूपनसारखं समजा: कालचं कूपन आज दाखवलं तर मामा जेवायला बसू देत नाहीत. रिसिव्हर साधारणपणे पुढच्या १६ आकड्यांपर्यंत चालवून घेतो, म्हणून खिशात चारदोनदा चुकून बटण दाबलं गेलं तरी बिघडत नाही. त्यापेक्षा पुढं गेलं तर दोनदा ओळीनं दाबून पुन्हा जुळवता येतं.

ती गुप्त किल्ली गाडीच्या कंपनीकडे असते, अलार्मवाल्याकडे नाही. २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी चिप किती वीज ओढते हे मोजून कीलॉकची किल्ली काढून दाखवली, हे खरं. पण ते परभणीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात होणारं काम नव्हे. थोडक्यात, बाहेरचा अलार्म तुमच्या रिमोटचं बोलणं थेट ऐकत नाही. रिमोटचं ऐकून गाडी जे करते, ते तो कान लावून ऐकतो. म्हणून दुकानात "माझ्या रिमोटवर चालेल का?" एवढंच विचारू नका. "रिमोट दाबलं हे अलार्मला कुठल्या वायरवरून कळतं?" असं विचारा.

सर्वात स्वस्त आणि सर्रास मार्ग म्हणजे दाराच्या लॉक मोटरच्या दोन वायरी. लॉक करताना एकीवर १२ व्होल्ट आणि दुसरी ग्राउंड, अनलॉक करताना उलट. झटका अर्ध्या सेकंदाच्या आसपास. मल्टिमीटर लावून बसलात तर काटा इकडं-तिकडं पळताना दिसेल (डिजिटलवर नीट दिसत नाही, आपल्या लॅबमधला जुना काट्याचाच घ्या). अलार्मनं लॉकचा झटका पाहिला की तो पहाऱ्यावर बसतो, अनलॉकचा पाहिला की उठतो. चिक, चिक-चिक. काकांच्या गाडीत हेच होतं.

मी काय केलं, दुसरं रिमोट काकांच्या हातात दिलं, पहिलं घरात काकूंकडे ठेवलं आणि स्वतः गाडीत बसलो. काकांनी बाहेरून लॉक केलं. एक मिनिट थांबलो आणि ड्रायव्हरच्या दाराच्या लॉकचा खटका हातानं वर ओढला. खरं तर बोंब व्हायला हवी होती. अलार्म म्हणाला, "चिक-चिक." आणि गप्प. दार उघडलं, तरी गप्प.

काका म्हणाले, "माझंच बोट लागलं आसंल." म्हणून ते रिमोटही आत ठेवलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

कारण सोपं आहे. या गाडीत ड्रायव्हरचं दार हाच सेंट्रल लॉकिंगचा मुकादम. त्याचा खटका हलला, मग तो किल्लीनं हलो, हातानं हलो की चोरानं बाहेरून काही घालून हलो, की कंट्रोल युनिट बाकीच्या तिन्ही मोटरना अनलॉकचा झटका देतं. अलार्मची वायर त्या तिघांपैकी एका मोटरला होती. त्याला झटका दिसला. त्यामागं रिमोट आहे की पट्टी, हे कळायला त्याच्याकडे मार्गच नव्हता. ज्यानं दार उघडलं तो मालक, असं समजणारा पहारेकरी काकांनी पैसे देऊन नेमला होता.

त्या संध्याकाळी काका स्वतः सालगड्याच्या घरी गेले. काय बोलले ते मला माहीत नाही.

मग दुसरा मार्ग कुठला? काही अलार्म इंडिकेटरच्या वायरीवरून ओळखतात: एकदा लुकलुकलं तर लॉक, दोनदा तर अनलॉक. एकटा हाही कच्चाच, कारण हॅझर्ड लाइट लावले तरी इंडिकेटर लुकलुकतात. जुन्या धाटणीच्या काही गाड्यांत रिमोटचा रिसिव्हर वेगळ्या डब्यात असतो आणि त्यातून लॉकिंग युनिटकडे हुकूम नेणारी वेगळी वायर असते. ती सापडली तर सोनंच, कारण तिच्यावरून फक्त रिमोटचा हुकूम जातो. पण आता बहुतेक ठिकाणी दोन्ही एकाच बॉडी कंट्रोल मॉड्यूलमध्ये असल्यानं ती वायरच उरलेली नाही.

नव्या गाड्यांत कॅन बस असते. बॉश कंपनीनं १९८६ मध्ये जाहीर केलेली ही पद्धत: पीळ घातलेल्या दोन वायरी, दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर (गाडी बंद असताना दोन वायरींत ६० ओहम दिसले की समजा सापडली), आणि गाडीतले सगळे कंट्रोलर त्याच दोन वायरींवर गप्पा मारतात. "रिमोटनं अनलॉक" आणि "खटक्यानं अनलॉक" हे निरोप तिथं वेगळे असू शकतात, आणि कॅनवर चालणारा अलार्म तेवढा फरक ओळखतो. मात्र त्याच्यात तुमच्या गाडीच्या मॉडेलचं आणि सालाचं सॉफ्टवेअर हवं. "सगळ्या गाड्यांना चालतो" असं म्हणणाऱ्याकडून कॅनचा अलार्म घेऊ नये.

काकांच्या गाडीत असा निरोप वायरीवर मिळत नव्हता. मग पहिल्या वर्षाचं ज्ञान कामाला आलं: अँड गेट! रिमोटनं अनलॉक केलं की मोटरला झटका बसतो आणि इंडिकेटर दोनदा लुकलुकतात. खटक्यानं केलं की झटका बसतो, इंडिकेटर गप्प. दोन्ही गोष्टी एका सेकंदाच्या आत मिळाल्या तरच अलार्मनं उठायचं; नुसता झटका आला तर बोंब मारायची. चोर हॅझर्डचं बटण दाबेल म्हणाल, तर त्यासाठी आधी त्याला आत यावं लागेल. अशी दोन इनपुटांची सोय असलेले अलार्म मिळतात, फक्त मागावे लागतात. आमच्याकडे कुठल्याही अलार्मला लोक नाशिकच्या कंपनीच्या नावानं ऑटोकॉपच म्हणतात, पण डब्यावरचं नाव आणि सोबतचा वायरिंगचा कागद आपण वाचायचा. काकांच्या पहिल्या अलार्मला धड नावही नव्हतं आणि कागदही नव्हता.

बसवताना दोन-तीन गोष्टींवर मात्र उभं राहून लक्ष ठेवा. कंपनीची वायर ब्लेडनं सोलून पीळ मारून वर टेप, हा प्रकार करू देऊ नका. पावसाळ्यात तोच जोड रात्री-बेरात्री अलार्म वाजवतो, आणि वायर कापल्याचं दिसलं की वॉरंटीचं भांडण होतं. कप्लरला कप्लर लागणारं हार्नेस मागा. पिवळ्या कप्लरच्या वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात, तिकडं टेस्ट लॅम्प घेऊन कोणी जायचं नाही. चालती गाडी बंद पाडणारा रिलेही नको. चिप असलेली किल्ली आणि इमोबिलायझर गाडीत असेल तर त्याची गरजच नाही.

बॅटरीचं गणितही करून घ्या. अलार्म पहाऱ्यावर असताना २० मिलिअँपिअर ओढत असेल तर दिवसाला ०.४८ अँपिअर-अवर, महिन्याला साडेचौदाच्या आसपास. ३५ अँपिअर-अवरच्या जुन्या बॅटरीची गाडी महिनाभर दारात उभी राहिली तर स्टार्टर नुसता कण्हेल. खरेदीआधी हा आकडा कागदावर बघा. दहाच्या आत असेल तर उत्तम. राहिला शॉक सेन्सर. उसाची ट्रॉली रस्त्यानं गेली की काकांचा अलार्म ओरडायचा, तेव्हा त्याचा स्क्रू आम्ही पाव फेरा मागं घेतला. आपल्या सरांनीही घ्यावा, ही नम्र विनंती.

विम्यात काही सवलत मिळते का, असं काकांनी विचारलं होतं. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये पुण्याच्या एआरएआयनं मान्यता दिलेल्या चोरीविरोधी उपकरणाला गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट ठेवलेली होती. म्हणून मान्यतेचं सर्टिफिकेट मागून घ्या आणि आपल्या विमा कंपनीकडून आज काय मिळतं ते विचारा. पाचशे रुपयांसाठी अलार्म कोणी घेत नाही म्हणा.

नवा अलार्म बसवायला परभणीला जाताना काकांनी सालगड्याच्या पोराला सोबत घेतलं. इंडिकेटरची वायर शोधताना टॉर्च त्यानंच धरला होता. आता रविवारी गाडी धुऊन झाली की तो आत बसतो, बाहेरून रिमोटनं लॉक करायला सांगतो आणि मिनिटभरानं खटका ओढतो. अलार्म गल्ली डोक्यावर घेतो. काकू ओरडतात, "आरं बास की!" आणि तो म्हणतो, "काकू, चेक करायलोय."