दृश्यांतर, मूकपटशैलीतील

मूकपटाच्या काळात एक दृश्य संपवून दुसरे सुरू करण्यासाठी वापरल्या गेलेल्या दृक्‌युक्ती आणि संगणकीय चित्रसंकलनात त्यांची केली जाणारी पुनर्निर्मिती. स्थळ वा काळ बदलला, पात्राला स्वप्न पडले किंवा प्रसंग संपला, हे मूकपटात ध्वनीच्या साहाय्याशिवाय कळवावे लागे. त्यासाठी फेड, डिझॉल्व्ह, आयरिस व वाइप ह्या चार खुणा आणि त्यांच्या जोडीला लिखित पाट्या रूढ झाल्या. आजच्या संकलन आज्ञावलींत ह्या खुणा तयार मिळतात. मात्र त्या मूळ कॅमेऱ्याच्या कोणत्या हालचालीतून निर्माण झाल्या हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांचे अनुकरण विश्वसनीय होत नाही.

महाराष्ट्रात ह्या तंत्राचा पाया धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी घातला. छायाचित्रण, मुद्रण व जादूचे प्रयोग ह्या तिन्हींचा त्यांना अनुभव होता. १९१२ मध्ये लंडनहून आणलेल्या विल्यमसन कॅमेऱ्यावर त्यांनी राजा हरिश्चंद्र चित्रित केला. तो ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. श्रीकृष्णजन्म (१९१८) ह्या चित्रपटात कंसाला आपल्याभोवती अनेक कृष्ण दिसतात. हा परिणाम एकाच फिल्मवर पुनःपुन्हा उद्‌भासन करून साधलेला आहे. डिझॉल्व्हचे तत्त्वही हेच होय.

कॅमेरा हाताने फिरविला जाई. दांड्याच्या एका फेऱ्यात ८ चौकटी उद्‌भासित होत व सेकंदास साधारणतः दोन फेरे पडत. म्हणजे गती सेकंदाला १६ चौकटी असे. ३५ मिमी. फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसत असल्याने एक फूट फिल्म एका सेकंदात संपे. छायाचित्रकार काळ मोजीत असे तो ह्या फेऱ्यांनी.

फेड : भिंगाचे रंध्र किंवा झडपेची फट क्रमाने मिटवीत नेल्यास दृश्य काळोखात विरते, उलट क्रिया केल्यास ते उजळते. दीर्घ कालावधी लोटल्याचे किंवा प्रकरण संपल्याचे ते चिन्ह होते. संगणकावर दृश्याची अपारदर्शकता १०० वरून ० पर्यंत उतरविली की फेड होतो. हाताची क्रिया यंत्रासारखी समगती नसे. म्हणून आरंभी किंचित संथ व शेवटी जलद उतार दिल्यास तो अधिक स्वाभाविक भासतो.

डिझॉल्व्ह : पहिले दृश्य चार फेऱ्यांत, म्हणजे ३२ चौकटींत, मंद करीत नेत, मग भिंग झाकून फिल्म तितकेच फेरे मागे घेत आणि त्याच ३२ चौकटींवर दुसरे दृश्य क्रमाने उजळवीत. दोन सेकंदांच्या ह्या संक्रमणात फेऱ्यांची मोजणी चुकली, तर दोन्ही दृश्ये वाया जात. झॉर्झ मेल्येस यांनी सिंड्रेला (१८९९) ह्या चित्रपटात ही युक्ती वापरली होती. संकलन आज्ञावलीत दोन दृश्ये एकावर एक ठेवून त्यांची अपारदर्शकता परस्परविरुद्ध दिशेने बदलतात. येथे एक भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. फिल्मवर दोन्ही उद्‌भासनांचा प्रकाश साठत जातो व त्यामुळे उजळ भाग ठळक राहतात. संगणकात साठविलेली प्रकाशमूल्ये मात्र वक्र प्रमाणात असतात. ती तशीच मिसळल्यास संक्रमणाच्या मध्यावर चित्र मलूल दिसते. यासाठी मिश्रण रेखीय प्रमाणात करावे. ॲडोब प्रीमियर प्रो ह्या आज्ञावलीतील ‘फिल्म डिझॉल्व्ह’ ह्याच तत्त्वावर चालतो.

आयरिस : भिंगापुढे बसविलेल्या पात्यांच्या पडद्याचे वर्तुळ लहानमोठे करून हा परिणाम साधत. अमेरिकेत डी. डब्ल्यू. ग्रिफिथ व त्यांचे छायाचित्रकार बिली बिट्झर यांच्या चित्रपटांमुळे तो विशेष लोकप्रिय झाला. वर्तुळ चौकटीच्या मध्यावर मिटवावे असा नियम नव्हता. एखादा चेहरा, पत्र किंवा दाराची कडी यांवर ते आकुंचित करून प्रेक्षकाची नजर तेथे खिळविली जाई. पडदा भिंगाला अगदी लागून असल्याने त्याची कड नेहमी अस्पष्ट पडे. म्हणून संगणकावर वर्तुळाकार मुखवटा काढताना त्याच्या कडेला भरपूर मृदुता द्यावी. काटेकोर कडेचे वर्तुळ व्यंगपटांची आठवण करून देते. वर्तुळ मिटण्यापूर्वी लक्ष्यावर क्षणभर थांबविल्यास त्याचा अर्थ स्पष्ट होतो.

वाइप : एक दृश्य सरकत येऊन दुसऱ्यास पुसून टाकते. जी. ए. स्मिथ यांच्या मेरी जेन्स मिसहॅप (१९०३) ह्या चित्रपटात तो आढळतो. तथापि त्याचा सुकाळ झाला तो पुढे १९३० नंतरच्या बोलपटांत. मूकपटाच्या अनुकरणात म्हणूनच त्याचा वापर विरळा असावा.

पाट्या व रंग : पात्रांचे संवाद व प्रसंगाची माहिती देणाऱ्या पाट्या दृश्यांच्या मध्ये जोडीत. छोट्या पाटीस प्रत्येक शब्दामागे सुमारे एक सेकंद दिल्यास सावकाश वाचणाऱ्यासही ती पुरी वाचता येते. देवनागरी पाटीसाठी हातवळणाचे अक्षर व साधी नक्षीदार चौकट योग्य ठरते. सर्व मूकपट तपकिरी होते, हाही एक गैरसमज आहे. अनेक चित्रपटांत रात्रीच्या दृश्यांना निळी, दिव्याच्या उजेडातील दृश्यांना पिवळसर आणि आगीच्या दृश्यांना तांबडी छटा देत. रंगातील हा बदल स्वतःच दृश्यांतराची खूण ठरे.

गती : अनुकरणात सर्वाधिक चुका येथे होतात. बोलपटाबरोबर सेकंदाला २४ चौकटींची गती रूढ झाली. १६ चौकटींच्या गतीने चित्रित केलेली फिल्म त्या गतीने दाखविल्यास पात्रे दीडपट वेगाने, तुरुतुरु चालतात. राजा हरिश्चंद्राची लांबी ३,७०० फूट होती. १६ चौकटींच्या गतीने तो सु. ६२ मिनिटे चालेल, २४ च्या गतीने केवळ ४१ मिनिटे. शोकात्म प्रसंग हास्यास्पद वाटण्यास हा फरक पुरेसा आहे. संकलनात मूळ वेग राखण्यासाठी १६ चौकटींचे चित्रण २४ च्या मापात बसविताना एक चौकट एकदा व पुढील चौकट दोनदा घ्यावी. ओरखडे, धूळ व थरथर ही कॅमेऱ्याची नव्हे, तर झिजलेल्या प्रतींची लक्षणे आहेत. पहिल्या खेळाच्या प्रेक्षकांनी स्वच्छ चित्र पाहिले होते.

हा विवेक केवळ हौसेचा प्रश्न नाही. भारतात सु. १,३०० मूकपट निर्माण झाले, पण ज्वालाग्राही नायट्रेट फिल्म, हेळसांड व झीज यांमुळे त्यांपैकी अगदी थोडे उरले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (स्था. १९६४, २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात समाविष्ट) राजा हरिश्चंद्राची पहिली व शेवटची रिळे म्हणून जे जतन झाले आहे, तेही १९१७ मधील नव्या आवृत्तीचे असल्याचे काही अभ्यासकांचे मत आहे. मूळ कृतीच दुर्मिळ झाल्यावर बहुसंख्य लोकांना मूकपटाची ओळख होते ती अनुकरणांतूनच. संकलकाने घाईचा वेग व कृत्रिम ओरखडे यांनाच मूकपट मानले, तर ज्या कलावंतांनी फेरे मोजून एकेक दृश्य विरविले, त्यांची कारागिरी पुढील पिढ्यांना गंमत म्हणूनच ठाऊक राहील.