कंपनी विकली, मग जुनं कर्ज कुठे गेलं?

प्रयोगशाळेत वस्तुमानाचा ताळा मांडताना आपण आधी सीमा आखतो: हिशेब नक्की कुठल्या भांड्याचा? धंदा विकत घेतानाही पहिला प्रश्न तोच. तुम्ही नक्की काय घेतलंत?

समजा, नावड्याशेजारच्या तळोजा एमआयडीसीतला एक कारखाना विकला जातोय. तीन शक्यता बघू.

१. कंपनीचे शेअर घेतले. मालक बदलला, कंपनी तीच. बँकेचं कर्ज, थकलेला कर, कोर्टातले दावे, सगळं कंपनीच्याच डोक्यावर राहतं. म्हणून किंमत ठरवतानाच ते वजा करायचं.

२. शेड, यंत्रं, चालू धंदा घेतला. इथे कर्ज साधारणपणे विकणाऱ्याकडे राहतं, पण सगळं नाही. गहाण मालमत्तेवरचा बोजा मालमत्तेबरोबर येतो. धंदा हस्तांतरित झाला तर जीएसटी कायद्याच्या कलम ८५ नुसार जुन्या करासाठी दोघंही जबाबदार. १९५२च्या पीएफ कायद्यातलं कलम १७ब याच तत्त्वावर होतं. आपसातला करार सरकारला किंवा कामगारांना बांधत नाही.

३. दिवाळखोरीतून घेतली. खोपोलीत कारखाना असलेली भूषण स्टील हे याचं उदाहरण. वित्तीय देणेकऱ्यांचे मान्य दावे सुमारे ५६,००० कोटींचे होते. मे २०१८ मध्ये टाटा स्टीलने कंपनी घेतली, तेव्हा त्यांना सुमारे ३५,२०० कोटी मिळाले. २०१६च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम ३१ नुसार मंजूर आराखडा सगळ्यांना बांधतो. आराखड्यात नसलेले जुने दावे संपतात, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये घनश्याम मिश्रा खटल्यात स्पष्ट केलं. नव्या मालकाची पाटी कोरी.

मग उरलेल्या रकमेचं काय? ती हवेत विरली नाही. तिचा भार मुख्यतः बँकांवर पडला. सीमा फक्त कंपनीभोवती आखली तर २०१८ नंतरचा ताळेबंद एकदम सुदृढ दिसतो. बँका आत घेतल्या की चित्र बदलतं.

म्हणून अशा विषयावर संशोधन करणार असाल, तर पेपरमध्ये 'कर्ज घटलं' हे वाक्य दिसल्यावर लगेच पुढे जाऊ नका. ते फेडलं गेलं, दुसऱ्याकडे गेलं, की सोडून दिलं? या तिन्ही गोष्टी एकाच आकड्यात मिसळल्या, तर 'नव्या व्यवस्थापनामुळे कंपनी सुधारली' हा तुमचा निष्कर्ष मौखिक परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला पडेल.