पोटातल्या नळीची निगा : औषधाआधी स्वच्छ हात
किडनी निकामी झालेल्या रुग्णाला साधारणपणे आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस केंद्रावर जावे लागते. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा भागातील मजुराला हे कसे परवडणार? त्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. अशांसाठी घरीच होणारे पोटातील, म्हणजे पेरिटोनियल डायलिसिस हा मोठा आधार ठरू शकतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात या पद्धतीसाठी २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचनाही आल्या.

यात पोटात कायमची मऊ नळी बसवतात. तिच्यातून द्रव आत सोडायचा, काही तासांनी बाहेर काढायचा. असे बहुधा दिवसातून चार वेळा. पण याच वाटेने जंतूही आत शिरू शकतात. नळीभोवतीच्या त्वचेचा संसर्ग पोटात उतरला तर जिवावर बेतते, नळी काढावी लागू शकते.

अनेकांना वाटते, जंतुनाशक जितके कडक तितके चांगले. तसे नाही. पोव्हिडोन आयोडीन, क्लोरहेक्सिडिन अशी द्रावणे वापरली जातात. मात्र त्यातले एकच सर्वांत सरस, असे सिद्ध झालेले नाही. स्पिरिटमुळे काही नळ्या खराब होतात. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज लावल्यास भरत आलेली त्वचा दुखावते. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलेच द्रावण आणि प्रतिजैविक मलम वापरावे. हळद, राख, झाडपाला लावू नये.

बॅग बदलताना मास्क लावा, दार बंद आणि पंखा बंद ठेवा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. खपली ओढू नका. नळी ओढली जाणार नाही अशी चिकटवा. नदी-तळ्यात आंघोळ टाळा. नळीभोवती लाली, दुखणे, पू दिसला किंवा बाहेर आलेला द्रव गढूळ असेल, पोट दुखले, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गढूळ द्रवाची बॅग सोबत न्या.

दुर्लक्षित पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः स्नान घातले, हा प्रसंग विनयपिटकात आहे. रुग्णसेवा हा आपल्या धम्माचाच भाग आहे. पण ज्या घरी नळाचे पाणी नाही, तिथे 'हात धुवा' एवढे सांगून शासनाची जबाबदारी संपत नाही. द्रवाच्या बॅगेसोबत साबण, गॉज, मलम आणि घरच्यांना प्रशिक्षणही मोफत मिळाले पाहिजे. ही मागणी ग्रामसभेत मांडूया.

जय भीम!