ऑनलाइन वर्गातला शेवटचा बाक

वर्गात मुलांचे चेहरे पाहूनच कळतं, कुठं अडलंय ते. विद्यापीठाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात ते चेहरेच दिसत नाहीत. मग काय करायचं?

१९८७ साली चिकरिंग आणि गॅमसन यांनी पदवी शिक्षणासाठी चांगल्या अध्यापनाची सात तत्त्वे मांडली. त्यांतले एक म्हणजे तत्पर प्रत्याभरण. ते ऑनलाइन असे वापरा : तासाचे दहा-दहा मिनिटांचे भाग करा. प्रत्येक भागानंतर एकच प्रश्न विचारा. उत्तरे त्याच दिवशी तपासा आणि जी चूक जास्त जणांची झाली, तिथूनच पुढचा तास सुरू करा. ज्याचे उत्तर आलेच नाही, त्याला दोन ओळींचा निरोप पाठवा. वर्गात शेवटच्या बाकावरच्या गप्प मुलाजवळ आपण जातोच ना? तसंच हे. नाहीतर त्यानं अभ्यासक्रम सोडल्याचं आपल्याला थेट परीक्षेच्या दिवशीच कळतं.