घरचा बंब आणि त्याची निगा

कारखान्यातला बॉयलर बंद पडला की चार माणसे धावून येतात. घरचा बंब बिघडला तर पहाटे उठलेली बाई एकटीच धुरात डोळे चोळीत बसते. कामगारांच्या कामानिमित्त महाडच्या औद्योगिक वसाहतीत आणि कामगारांच्या घरीही आमचे जाणे-येणे असते. तेव्हा हा भेद आम्हांला नेहमी दिसतो. वाफेच्या बॉयलरला १९२३ सालच्या कायद्याने तपासनीस मिळाला, २०२५ साली त्या जागी नवा कायदा आला. न्हाणीघरातल्या बंबाचा तपासनीस मात्र घरच्यांपैकीच कोणी तरी व्हावयास हवा.

थंड देशांत हिवाळ्यात पाणी गोठते, गोठताना सुमारे एक-अकरांश फुगते आणि नळ फुटतात. रायगडच्या पायथ्याला हिरकणीवाडीत ती भीती नाही. आपला बंब थंडीने बिघडत नाही. तो पावसाळ्यातच बिघडलेला असतो आणि ते आपल्याला नरकचतुर्दशीच्या पहाटे कळते! लाकडाच्या राखेत क्षार असतो व ती ओल धरते. उन्हाळ्यात विझवलेला बंब राखेसकट पडवीत पडला, तर चार महिन्यांच्या ओलीत लोखंडी जाळी गंजून जाते. ज्या घरी पावसाळ्यातही बंब पेटतो, तिथे राख रोज निघते आणि जाळी अधिक टिकते. म्हणून दसऱ्याच्या सुमारास राख काढावी, काठीला चिंधी बांधून मधल्या नळीतली काजळी पुसावी, आणि भांडे पाण्याने भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवावे. सकाळी फरशी ओली दिसली तर तांबटाकडे जावयास अजून वेळ असतो. काजळीचा थर उष्णता अडवतो. तेवढे लाकूड फुकट जळते.

पण बंबाचा खरा घात होतो तो कोरड्या जाळाने. हिरकणीवाडीतून १९९६ साली गडावर रोपवे सुरू झाला, तेव्हापासून पाहुण्यांची वर्दळ वाढली. तिथल्या एका घरी आम्ही मुक्कामास होतो. घरातल्या मुलाने घाईत आधी जाळ केला आणि मग तो पाणी आणावयास गेला. परत येऊन त्याने घागर ओतली, ती सगळी खालून निखाऱ्यांवर आली. मुलाला बोलणी बसली. पण आधी पाणी आणि मग जाळ असे का, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

कारण सोपे आहे. तांबे वितळावयास सुमारे १०८५ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. पण दुरुस्तीत बहुधा शिसे-कथलाचा डाख लावतात, तो १८३ अंशांच्या आसपासच पातळ होऊ लागतो. भांड्यात पाणी असेतोवर ते जाळाची उष्णता ओढून घेते आणि पत्रा शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पाणी नसले की डाख सुटलाच. एखादा बंब चुकून कोरडा तापलाच, तर त्यात लगेच गार पाणी ओतू नये. जाळ ओढून घ्यावा आणि बंब आपोआप निवू द्यावा.

नरसाळ्याचे तोंड कधीही बोळा कोंबून बंद करू नये. एक लिटर पाण्याची उकळून सोळाशे लिटरांहून अधिक वाफ होते. तिला वाट हवी. विजेच्या गिझरची सुरक्षा-झडप गळते म्हणून कित्येक जण ती बुचाने बंद करतात, हाही तोच अविचार. झडप बदलावी, बुजवू नये.

आणखी एक गोष्ट, आणि ही जिवाची. थंडी पडली की न्हाणीघराची खिडकी लावून घेतात आणि धगधगता बंब आतच असतो. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि धूर दिसेनासा झाला म्हणून तो थांबत नाही. गॅसच्या गिझरनेही बंद खोलीत माणसे दगावतात. बंब पडवीत किंवा अंगणात पेटवावा आणि पाणी बादलीने आत न्यावे. आंघोळीस गेलेल्याला डोके जड वाटले, मळमळले, किंवा हाकेला ओ आली नाही, तर दार उघडून त्यास प्रथम मोकळ्या हवेत आणावे आणि दवाखान्यात न्यावे; बंब मागाहून विझवता येतो.